सोळावं आवर्तन

निर्मिती ही एकट्या माणसानं एकांतात सोसायची वेदना असते, असं गिरधर गेली बावीस वर्षं अकरावीच्या मुलांना सांगत आला होता. विषय वनस्पतिशास्त्र होता आणि प्रकरण बीजांकुरणाचं होतं, पण ते असो. खुद्द गिरधर आयुष्यात ज्या एकमेव निर्मितीत सामील झाला, ती दर रविवारी दुपारी चार ते सहा या वेळेत, जळगावातल्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये, चार जणांनी मिळून, सूचक-अनुमोदकाच्या सह्यांनिशी पार पाडली.

ह्या भागात चार माणसं एकत्र बसली की आधी अध्यक्ष निवडतात आणि मग कशासाठी बसलोय ते विचारतात. हौशी वादक मंडळही तसंच सुरू झालं होतं. अध्यक्ष पितांबरभाऊ, असोद्याचे, केळीचे बागायतदार, ढोलकी वाजवायचे. गावच्या सोसायटीत दोनदा चेअरमन झाल्यापासून त्यांना साध्या खुर्चीत बसणं जमत नसे. चिटणीस हेमांगीताई, इन्स्टिट्यूट त्यांची, पेटी त्यांची आणि इतिवृत्ताचं रजिस्टरही त्यांचंच. उपाध्यक्ष गिरधर, व्हायोलिन. उरले भुसावळचे जीवरामआबा, रेल्वे वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले, बासरीवाले. त्यांच्याकडे कुठलंच पद नव्हतं, कारण चौघांत खरोखर वाजवता येत होतं ते त्यांना एकट्यालाच.

आयरिश जिगचं खूळ आबांचंच. त्यांच्या लहानपणी भुसावळच्या रेल्वे कॉलनीत एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर राहायचा. आपला आजा आयर्लंडहून इंजिनाबरोबर आला, असं तो सांगायचा. नाताळात तो ओट्यावर बसून फिडल वाजवायचा आणि आबा कंपाउंडच्या अलीकडून ऐकून ते घरी बासरीवर बसवायचे. ड्रायव्हर गेला, बंगला पडला, त्या जागी पाण्याची टाकी झाली. पण तीन-चार जिग आबांच्या बोटांत राहून गेल्या. सहा मात्रांची, टुणटुण उड्या मारत जाणारी चाल. पहिला भाग आठ आवर्तनांचा, दुसरा आठांचा, प्रत्येक दोनदा घ्यायचा, आणि संपलं की पुन्हा पहिल्यापासून, नाचणारे दमेपर्यंत.

"हा तं दादराच हाये," पितांबरभाऊ पहिल्या दिवशी म्हणाले होते. "सहा मात्रा. मंग याले जिग कायले म्हनायचं?"

"दादऱ्यात माणूस झुलतो," आबा म्हणाले. "यात तो उडतो."

"माह्या गुडघ्यानं उडनं होनार नाही, पयलेच सांगून ठेवतो."

हे सगळं आबांना बोलता येत होतं तेव्हाचं.

फेब्रुवारीत त्यांचा आवाज बसला. त्यांनी आठवडाभर हळद-दूध घेतलं, दुसरा आठवडा गुळण्यांत घालवला. मार्चमध्ये डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. चाळीस वर्षांच्या बिड्यांचा हिशोब एका दुपारीत मिटला. गळ्याच्या खाली एक भोक ठेवलं आणि श्वास तिथून चालू झाला. बोलणं गेलं, पण त्यापेक्षा वाईट म्हणजे फुंक गेली. तोंडात हवाच येत नाही म्हटल्यावर बासरी ही नुसती पोकळ काठी उरते. मग किरणं झाली, सलाइनमधून औषधं झाली, आणि जूनच्या शेवटच्या रविवारी आबा हॉलमध्ये आले ते निम्मे होऊन. गळ्याला पांढरा रुमाल. त्यांनी बासरी टेबलावर ठेवली आणि खिशातून कागद काढून अध्यक्षांपुढे सरकवला. सभासदत्वाचा राजीनामा.

पितांबरभाऊंनी तो दोनदा वाचला. हेमांगीताईंनी आवक नोंदवली. तेव्हा गिरधर म्हणाला, "आपण नवी जिग रचू या. रचायला फुंक कुठे लागते? आबांनी सरगम लिहून द्यायची, मी वाजवीन."

यात कणव होती, हे खरं. गेली सहा वर्षं आपण दुसऱ्यांच्याच चाली खरवडतोय, एखादी तरी आपल्या नावावर असावी, हेही खरं. गिरधरला दोन्ही कारणं माहीत होती आणि त्यानं पहिलं तेवढं बोलून दाखवलं. राजीनामा तहकूब झाला.

कार्यपद्धती हेमांगीताईंनी ठरवली. सोळा आवर्तनं, माणशी चार, पाळीपाळीनं. ज्याची पाळी त्यानं आवर्तन लिहून सूचना मांडायची, गिरधरनं ती वाजवून दाखवायची, कुणीतरी अनुमोदन द्यायचं, मतदान. मांडलेली सूचना एकदा अनुमोदन मिळाल्यावर मागे घ्यायची असेल तर अनुमोदकाची संमती लागेल. गणपूर्ती चार.

"चौघांत चार?" गिरधर म्हणाला.

"मग तीन म्हणजे चालतात का?" हेमांगीताईंनी विचारलं. "आबांशिवाय?"



एक प्रश्न राहिला होता तो दुसऱ्या रविवारी सुटला. आबांच्या मुलीनं, दिपमालानं, त्यांना एक प्लास्टिकची पाटी आणून दिली होती; काडीनं लिहायचं आणि बटण दाबलं की सगळं पुसलं जायचं. आबा त्यावर लिहायचे आणि बाकीचे तिघे त्यावर तोंडानं बडबडायचे. गिरधरला ते फार लागलं. समोरचा माणूस एकेक अक्षर खरडतोय आणि आपण मात्र जीभ चालवतोय, हे त्याला ताटात पक्वान्न घेऊन उपाशी माणसासमोर बसल्यासारखं वाटलं. त्यानं ठराव मांडला: यापुढे सभेत आबांशी होणारा सर्व संवाद लेखी व्हावा. सूचक गिरधर, अनुमोदक पितांबरभाऊ, सर्वानुमते मंजूर. आबांनी हात वर केला आणि पाटीवर लिहिलं: "आभारी आहे."

पितांबरभाऊंना लेखी संवाद जड गेला. त्यांचं शिक्षण नववीपर्यंतचं आणि अक्षर केळीच्या घडासारखं, एकाला एक चिकटलेलं. पण ठराव म्हणजे ठराव. ते पाटी घेऊन, जिभेचं टोक बाहेर काढून, "आबा चहा" असं लिहायचे आणि आबा मान हलवायचे.

जुलैभर काम बरं चाललं. पहिलं आवर्तन हेमांगीताईंचं. ते शाळेच्या प्रार्थनेसारखं निघालं, पण सुरुवात म्हणून मंजूर झालं. दुसरं पितांबरभाऊंनी ढोलकीवर सांगितलं, स्वर कोणते, असं विचारल्यावर म्हणाले, "ते तुम्ही पाहून घ्या." तिसरं गिरधरचं, त्यात इतके स्वर होते की व्हायोलिनचा गज मध्येच अडकला आणि ठराव दुरुस्तीसह मंजूर झाला. चौथं आबांनी लिहिलं. सहाच स्वर, त्यातला एक दोनदा. गिरधरनं ते वाजवलं आणि आधीची तीन आवर्तनं एकदम एकमेकांची नातेवाईक वाटायला लागली. पितांबरभाऊंनी पाटी ओढून घेतली आणि लिहिलं: "हां".

पोळ्यापर्यंत पहिला भाग पुरा झाला. पोळ्याच्या पुढच्या रविवारपासून आबांसोबत त्यांच्या पत्नी धुरपदाबाई येऊ लागल्या. भुसावळहून गाडीत चढायला-उतरायला आता आधार लागत असणार, असं गिरधरनं धरून चाललं. धुरपदाबाई आत येत नसत. बाहेरच्या बाकावर, टायपिंगच्या परीक्षेच्या फळ्याखाली, पिशवी मांडीवर घेऊन दोन तास बसून राहायच्या. हेमांगीताई त्यांना चहा नेऊन देत. "आत या की," एकदा म्हणाल्या. "नको," धुरपदाबाई म्हणाल्या, "तुमची मिटिंग असते."

बारावं आवर्तन, आबांचं, सगळ्या जिगमधलं सर्वांत देखणं ठरलं. ते वरच्या षड्जापासून एखादं पोर जिन्यावरून घसरत यावं तसं खाली यायचं. गिरधरनं पाटीवर लिहिलं: "आबा, हे कुठून आणलंत?" आबांनी लिहिलं: "जुनं होतं. आत." पुढे कपाळाकडे बोट केलं.

अशा रीतीनं ऑक्टोबरात सोळावं आवर्तन आलं. हेही आबांचं. हे शेवटचं, म्हणजे जिथं चाल घरी पोचायची. पंधरावं गिरधरचं होतं आणि त्यानं ते मुद्दाम असं रचलं होतं की पुढे षड्जाशिवाय दुसरं काही येऊच नये. ग रे नि, सा. कुणालाही ते कळलं असतं. दार उघडं, दिवा लागलेला, फक्त आत पाऊल टाकायचं.

आबांनी लिहिलं: ग रे सा, नि.

गिरधरनं वाजवलं. चाल 'सा'ला भोज्जा करून पुन्हा मागे सरकली आणि खालच्या नीवर उभी राहिली. अंधारात जिना संपलाय हे न कळून पुढची पायरी शोधणाऱ्या पायासारखी.

"हे असं कसं?" पितांबरभाऊ उघड्या तोंडानंच म्हणाले. मग पाटी घेऊन त्यांनी लिहिलं: "सा पायजे".

आबांनी मान हलवली. नाही.

गिरधरनं लिहिलं: "आबा, स्वरांची अदलाबदल झाली आहे. चुकलं आहे."

आबांनी लिहिलं: "बरोबर आहे."

"शेवट 'सा'वरच होतो."

"पुन्हा पहिल्यापासून घ्यायची असते. संपत नाही."

"निदान शेवटच्या वेळी तरी संपेल ना?"

"माझ्या डोक्यात असंच वाजतं."

हे चौथं-पाचवं उत्तर असेल. पाटी दोघांमध्ये सरकत होती, बटण दाबलं जात होतं, आणि ज्या भांडणात आवाज चढवता येत नाही ते भांडण किती लवकर घाणेरडं होतं याचा गिरधरला अनुभव नव्हता. तोंडी भांडणात माणूस शब्द ओठापर्यंत आणून गिळू शकतो. इथं तो काडी हातात घेऊन, सावकाश, काना-मात्रेसकट लिहावा लागतो. गिरधरनं तो लिहिला. "हातात बासरी असती तर असलं काही लिहिलं नसतंत."

त्यानं पाटी फिरवली. आबांनी वाचलं. त्यांना वाचायला जरा वेळ लागला, कारण अक्षर लहान होतं. मग त्यांनी स्वतःच बटण दाबलं आणि पाटी पिशवीत ठेवली.

"अनुमोदक कोणी?" हेमांगीताईंनी विचारलं. कोणी हात वर केला नाही. पुढील सभेपर्यंत विषय तहकूब, असं त्यांनी लिहिलं. धुरपदाबाई बाकावरून उठल्या आणि दोघं जिना उतरून गेले.

पुढच्या रविवारी आबा आले नाहीत. गणपूर्तीअभावी सभा अर्ध्या तासानं तहकूब झाली आणि अर्ध्या तासानं त्याच जागी पुन्हा तहकूब झाली. त्याच्या पुढच्या रविवारी दिवाळी होती. त्यानंतर दिपमालाचा हेमांगीताईंना फोन आला. आबांना तिच्याकडे धुळ्याला नेलंय, तिथल्याच एका दवाखान्यात ठेवलंय. आजार फुप्फुसात उतरलाय. डॉक्टर म्हणतात, आठवडा, दहा दिवस.

हेमांगीताईंनी फोन ठेवून हे सांगितलं तेव्हा झाकलेल्या संगणकांच्या रांगांत तिघेच होते.

"सा लावा अन् सोडा, सर," पितांबरभाऊ म्हणाले. "चाल तयार हाये. फोनवर रेकॉर्ड करून पाठवून देऊ. ऐकतीन बिचारे."

"आबांची सूचना पटलावर आहे," हेमांगीताई म्हणाल्या. "ती तशीच ठेवून दुसरी घेता येत नाही."

"मानूस मरून राह्यला, ताई."

"म्हणूनच म्हणते. त्यांच्या माघारी त्यांचा स्वर बदलायचा का?"

 गेले तीन आठवडे गिरधरला एकच वाक्य दिसत होतं, ते त्याच्याच अक्षरात, आणि ते बटण दाबून जात नव्हतं. वर्गात फळ्यावर काही लिहिलं तरी हात थबकायचा. त्याला आता एवढंच हवं होतं: आबांच्या सूचनेला आपण अनुमोदन द्यायचं, ती मंजूर करून घ्यायची, आणि पूर्ण जिग, सोळाच्या सोळा आवर्तनं, त्यांच्या नीसकट, त्यांच्या कानांवर घालायची. ते ऐकतील आणि समजतील. माफीचं पत्र त्यानं दोनदा लिहून फाडलं होतं. लिहिण्यावरचा त्याचा विश्वासच उडाला होता. "आपण धुळ्याला जाऊ," तो म्हणाला. "सभा तिथं घेऊ."

शनिवारी सकाळी तिघे एस.टी.त बसले. गिरधरच्या मांडीवर व्हायोलिनची पेटी, हेमांगीताईंच्या मांडीवर रजिस्टर, आणि पितांबरभाऊंच्या पायांत ढोलकी, जिच्यासाठी कंडक्टरनं अर्धं तिकीट मागितलं. "पोरगं असतं तं फुकट नेलं असतं," पितांबरभाऊ म्हणाले आणि पारोळ्यापर्यंत त्यावरून कुरकुरत राहिले. पारोळ्याला त्यांनी खाली उतरून डझनभर केळी घेतली. असोद्याचा बागायतदार पारोळ्यात केळी विकत घेतोय, हे त्यांच्या लक्षात आल्यावर ते धुळ्यापर्यंत गप्प बसले.

दवाखान्याच्या दारात वॉचमननं पेटीवर बोट ठेवलं.

"हाई काय शे?"

"व्हायोलिन."

"वाजाडानं शे का?"

"हो. म्हणजे थोडंसंच. हळू."

"आन हाऊ ढोल बी?" वॉचमननं पितांबरभाऊंकडे पाहिलं. "भाऊ, आठे लोके मराले येतस. पास दोन जनसलेच भेटी. बठ्ठासले नही."

आता अडचण अशी झाली की पास दोघांनाच, म्हणजे आबा, गिरधर आणि हेमांगीताई मिळून तीनच होत होते. गणपूर्ती चार. पितांबरभाऊंनी इमारतीला एक फेरी मारली आणि वॉर्ड तळमजल्यावर असून आबांची खाट खिडकीशी आहे असं शोधून काढलं. सभा भरली तेव्हा ते बाहेर, कर्दळीच्या वाफ्यात, ढोलकी कडेवर घेऊन उभे होते आणि गजांतून आत पाहत होते. हेमांगीताईंनी रजिस्टरात लिहिलं: अध्यक्ष खिडकीतून उपस्थित.

आबांचं काही उरलं नव्हतं. चादरीखाली गुडघे तेवढे होते. गळ्यातल्या भोकाशी ऑक्सिजनची नळी लावली होती आणि प्रत्येक श्वासाला तिथून ओली घरघर यायची. धुरपदाबाई उशाशी स्टुलावर होत्या. त्यांनी नवऱ्याच्या खांद्याला हात लावून माणसं आल्याचं दाखवलं. आबांनी डोळे उघडले. गिरधर दिसल्यावर त्यांनी पाटीसाठी हात पुढे केला.

गिरधरनं आधीच लिहून आणलं होतं, मोठ्या अक्षरात. "सोळाव्या आवर्तनाच्या तुमच्या सूचनेला मी अनुमोदन देतो."

आबांनी वाचलं. मग फार वेळ लावून त्यांनी लिहिलं: "मागे घेतो. सा करा."

"नाही. नि बरोबर आहे. माझं चुकलं."

"सा."

"आबा, नि."

आबांनी हेमांगीताईंकडे पाहिलं. हेमांगीताईंनी चष्मा वर केला आणि पाटीवर नियम लिहिला: अनुमोदन मिळालेली सूचना मागे घेण्यास अनुमोदकाची संमती आवश्यक. "संमती आहे?" त्यांनी गिरधरला विचारलं.

"नाही," गिरधर म्हणाला.

"मग मत घ्यावं लागेल."

मत घेतलं. गिरधरनं हात वर केला, हेमांगीताईंनी हात वर केला, खिडकीच्या गजांतून एक राकट पंजा आत आला. आबांनी हात वर केला नाही. तीन विरुद्ध एक, विरोधात स्वतः सूचक. ठराव मंजूर. आबांच्या गळ्यातली घरघर जरा वाढली. ते हसतायत हे गिरधरला धुरपदाबाईंच्या चेहऱ्यावरून कळलं.

वॉर्डातली नर्स, कामिनी सिस्टर, औषधांचा ट्रे घेऊन आली होती. तिनं पेटीकडे, रजिस्टरकडे आणि खिडकीतल्या माणसाकडे एकदा पाहिलं. "पाच मिनिटं," ती म्हणाली. "राऊंडला सर यायच्या आत."

गिरधरनं घोडीखाली रुमाल खोचला, म्हणजे आवाज दबेल, आणि वाजवायला लागला. पहिलं आवर्तन प्रार्थनेपेक्षाही गरीब निघालं. मग दुसरं आलं, पितांबरभाऊंचं, आणि बाहेर कर्दळीतून बोटांच्या टोकांनी, ऐकू येईल न येईल अशी, ढोलकी लागली. चौथ्यापासून चाल स्वतःच्या पायांवर उभी राहिली. वॉर्डात अकरा खाटा होत्या. आपसात बोलणारे नातेवाईक गप्प झाले. गिरधरनं आयुष्यात इतकं चांगलं कधी वाजवलं नव्हतं आणि हे त्याला वाजवतानाच कळत होतं.

आबांची नजर त्याच्या डाव्या हाताच्या बोटांवरून हलली नाही. चादरीवर त्यांचं एक बोट ताल धरत होतं. लयीच्या जरा मागे, पण धरत होतं. बारावं आलं तेव्हा त्यांचे डोळे भरले. गिरधरनं नजर फिरवली नाही. दुसरा भाग दोनदा झाला, पंधरावं आलं, सोळावं आलं, आणि शेवटचा नी त्यानं लांबवला, 'सा'साठी सगळा वॉर्ड थांबला असताना तसाच उभा ठेवला आणि गज उचलला.

आबांचं बोट आणखी चार-पाच मात्रा चालूच राहिलं. त्यांच्या आत ती अजून वाजतेय, गिरधरला वाटलं. मग आबांनी खाली आलेला गज पाहिला आणि बोट थांबवलं.

पाटी मागून त्यांनी लिहिलं: "नि छान लागला."

 समोरच्या खाटेवरचा म्हातारा म्हणाला, "मास्तर, आखो एक वाजाडा. जेवन येवाले येळ शे." पण तेवढ्यात वॉचमन दारात आला आणि त्यानं नुसतंच हातानं बाहेरचा रस्ता दाखवला. जाताना गिरधरनं आबांच्या पायांना हात लावला. पाय थंड होते.

परतीच्या एस.टी.त पितांबरभाऊंनी केळी सोलून दोघांना दिली. गिरधरनं तीन आठवड्यांत पहिल्यांदा काहीतरी चवीनं खाल्लं.

आबा बुधवारी पहाटे गेले. अंत्यविधी भुसावळला झाला. मंडळानं पुढच्या रविवारी शोकठराव केला. गणपूर्ती नसल्यानं तो नोंदवता येत नव्हता, पण हेमांगीताईंनी नोंदवला आणि नियमाचा उल्लेख केला नाही. त्यांच्या सहा वर्षांच्या दप्तरातली ही पहिली अनियमितता असावी.

सहाव्या दिवशी गिरधर एकटाच भुसावळला दारावर, म्हणजे सांत्वनाला, गेला. अंगणात ताडपत्री घातली होती. पुरुष माणसं बाहेर बसून कापसाबद्दल आणि ह्यावर्षीच्या थंडीबद्दल बोलत होती. तो त्यांच्यात थोडा वेळ बसला, मग आत गेला. धुरपदाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. दिपमालानं त्याच्यासाठी खुर्ची आणली; तो खालीच बसला.

"सर, तुम्ही लांबून आले," धुरपदाबाई म्हणाल्या.

"लांब कुठं. अर्ध्या तासाची गाडी."

 भांड्यांचा आवाज येत होता. मग गिरधर म्हणाला, "वहिनी, मी आबांना एकदा फार वाईट बोललो होतो. लिहिलं होतं, म्हणजे."

"सांगलं होतं त्यायनं मले."

"काय म्हणाले?"

"म्हने, सर खरं बोलले." त्यांनी पदर सारखा केला. "राग नव्हता त्यायच्या मनात. ते रागावत नव्हते कोनावर."

 आठवडाभर जे वाक्य गिरधरनं स्वतःशी घोकलं होतं, ते आता त्याला मोठ्यानं म्हणता आलं. "एक समाधान आहे, वहिनी. जाण्याआधी आबांनी सगळी जिग ऐकली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, त्यांच्या मनासारखी. माझ्या हातून तेवढं तरी झालं. तुम्ही होतातच तिथं. नि छान लागला, असं त्यांनी लिहिलं."

धुरपदाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग दिपमालाकडे पाहिलं. दिपमाला खाली बघत राहिली.

"लिहिलं तं होतं," धुरपदाबाई म्हणाल्या. "तुमाले सांगू नका म्हने, रविवारचं जानं बंद होईन. त्या सलाइनच्या औषधानं, सर, पोयाच्या सणापासूनच त्यायले दोन्ही कानांनी काहीच ऐकू येत नव्हतं."